खेळाडूपासून डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरपर्यंत: अमेरिकन कॉलेज फुटबॉलची वाट

आपण खेळलोय, म्हणजे आपल्याला शिकवता येईल, अशी बहुतेक माजी खेळाडूंची समजूत असते. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये ती पहिल्या पंधरवड्यातच उतरते. खेळाडूला आपलं एक काम ठाऊक असतं. डिफेन्स कोचला आपल्या अकरा जणांची कामं ठाऊक हवीत, आणि समोरचे अकरा जण काय करणार तेही. एकापासून बावीसपर्यंतचा, म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (सगळ्या डिफेन्सचा प्रमुख कोच) होईपर्यंतचा, हा पल्ला कसा गाठायचा, कुठे माणसं घसरतात आणि का, ते इथे लिहिलं आहे. (फुटबॉल म्हणजे अर्थातच हेल्मेट आणि पॅडवाला, चार डावांत, म्हणजे ‘डाउन’मध्ये, दहा यार्ड जायचा खेळ. चेंडू ज्यांच्याकडे ते ऑफेन्स, अडवणारे डिफेन्स. मेस्सीचा नव्हे.)

खेळत असतानाच

एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या प्रचलित नियमाने खेळाडूला पाच वर्षांत चार मोसम मिळतात. कोच व्हायचं मनात असेल तर तिसऱ्या मोसमापासून वेगळी वही ठेवा. सरावातल्या प्रत्येक कॉलपुढे (कोचने पुकारलेल्या मांडणीपुढे) चार गोष्टी लिहा: पुढची फळी कशी उभी होती, मागे कव्हरेज (पास अडवायची मांडणी) कोणतं होतं, माझं काम काय होतं, माझ्या शेजाऱ्याचं काय होतं. चौथा रकाना सुरुवातीला रिकामाच राहतो. तो भरता येत नसेल तेव्हा कोचला विचारा.

डिफेन्स कोचांच्या यादीत सेफ्टी (सर्वांत मागे उभे राहणारे) आणि लाइनबॅकर (पुढच्या फळीच्या लगेच मागचे) पुष्कळ दिसतात. किर्बी स्मार्ट आणि विल मस्चॅम्प हे जॉर्जिया विद्यापीठाचे सेफ्टी, ब्रेंट व्हेनेबल्स कॅन्सस स्टेटचे लाइनबॅकर, डॅन लॅनिंग विल्यम ज्यूएल या छोट्या कॉलेजचे लाइनबॅकर. कारण साधं आहे. या जागेवरचा खेळाडू स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याच्या) आधी इतरांना हाका मारून उभं करतो, त्यामुळे शेजाऱ्याचं काम त्याला शिकावंच लागतं. कॉर्नर (कडेला रिसीव्हरला अडवणारे) किंवा डिफेन्सिव्ह टॅकल (पुढच्या फळीच्या मधले) असाल तर ही सक्ती तुमच्यावर नसते, म्हणून ती स्वतःवर लादून घ्या.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण टाळतात. वसंतातल्या सरावाची १५ सत्रं असतात. त्या काळात परवानगी मिळाली तर ऑफेन्सिव्ह लाइनच्या बैठकीत मागे बसा. (ही पुढची पाच जणांची रांग: मध्ये सेंटर, दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल.) क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू घेऊन पास देणाऱ्याचं, रक्षण करताना सेंटर कोणत्या बाजूला सरकतो, धावपटू (रनिंग बॅक, चेंडू घेऊन पळणारा) कोणाला अडवतो, हे कळल्याशिवाय पुढे आखलेली प्रत्येक ब्लिट्झ (जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडण्याची चाल) म्हणजे अंधारात दगड.

पहिली नोकरी: ग्रॅज्युएट असिस्टंट

याला सगळे जीए म्हणतात. तुम्ही मास्टर्सला प्रवेश घेता, शुल्क माफ होतं, थोडा भत्ता मिळतो आणि साधारण दोन वर्षं पडेल ते काम करता. विमानतळावरून पाहुणे आणण्यापासून ते काम सुरू होतं, पण त्याचा गाभा दोनच गोष्टींत आहे: फिल्मची नोंद आणि स्काउट कार्ड.

स्काउट कार्ड म्हणजे प्रतिस्पर्ध्याची एक चाल एका जाड कागदावर काढलेली. सरावात राखीव खेळाडू ते पाहून प्रतिस्पर्ध्यासारखं खेळतात आणि मुख्य डिफेन्स त्यांच्याशी भिडतो. कार्ड जाड मार्करने काढा. अकराही जणांच्या रेषा काढा आणि ज्याला हलायचं नाही त्याच्यापुढेही आडवी रेघ मारा. कार्ड वरच्या बाजूने धरलं की ऑफेन्सच्या नजरेने सरळ दिसलं पाहिजे. नवखे जीए ते डिफेन्सच्या बाजूने काढतात, मग राखीव खेळाडू उलट्या दिशेला पळतो आणि सरावाची पाच मिनिटं पाण्यात जातात. चेंडू कोणत्या हॅशवर, म्हणजे मैदानाच्या लांबीवर आखलेल्या दोन तुटक रेघांपैकी कोणत्या रेघेवर, आहे ते कोपऱ्यात लिहायला विसरू नका. त्याचं कारण पुढे येईल.

फिल्म तोडायची कशी

साधारणपणे प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे चार सामने घ्या. एका सामन्यात ऑफेन्सच्या ६५-७० चाली धरल्या तर २७० च्या आसपास ओळी होतात. हडलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओळीला डाउन, उरलेलं अंतर, हॅश, मैदानावरची जागा, पर्सोनेल, फॉर्मेशन, मोशन (स्नॅपआधी एखाद्याचं सरकणं), चाल आणि मिळालेले यार्ड भरा. पर्सोनेल दोन आकड्यांत लिहितात. पहिला आकडा धावपटूंचा, दुसरा टाइट एंडचा (लाइनच्या टोकाला उभा राहून ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा). ११ म्हणजे एक धावपटू, एक टाइट एंड आणि उरलेले तीन रिसीव्हर. १२ म्हणजे एक धावपटू, दोन टाइट एंड.

प्रत्येक चाल दोनदा पाहा. बाजूच्या कॅमेऱ्यातून कव्हरेज आणि रिसीव्हरचे मार्ग दिसतात, एंड झोनच्या मागच्या कॅमेऱ्यातून लाइनमधल्या ब्लॉकिंगचे कोन. दुसरी फिल्म न पाहता ‘इनसाइड झोन’ (सगळी लाइन एकाच बाजूला ब्लॉक करत जाते ती धाव) असं लिहून टाकलेल्या कितीतरी चाली प्रत्यक्षात ‘काउंटर’ असतात, म्हणजे गार्ड आपली जागा सोडून दुसऱ्या बाजूला ब्लॉक करायला जातो. ही चूक शनिवारपर्यंत, म्हणजे सामन्याच्या दिवसापर्यंत, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि शनिवारी सगळ्यांच्याच लक्षात येते.

टक्केवारीचा मोह आवरा. तिसरा डाउन आणि सात यार्डांच्या वर, असं गाळल्यावर चार सामन्यांत वीस-पंचवीस ओळी उरतात. त्यात फॉर्मेशनची चाळणी लावली की चार. चारांपैकी तीनदा डावीकडे पास म्हणजे ७५ टक्के, असा अहवाल बैठकीत दिला तर जुना कोच पहिला प्रश्न विचारेल, ‘किती पैकी?’ म्हणून टक्क्यांशेजारी मूळ संख्या कायम लिहा.

प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन पाहणं एनसीएएने १९९४ पासून बंद केलं आहे. मिशिगन विद्यापीठाचं, प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा टिपायला माणसं पाठवल्याच्या आरोपाचं, २०२३ मधलं प्रकरण याच नियमावरून पेटलं होतं. फिल्म बघा, मैदानात जाऊ नका.

गॅपचं गणित

इथे थोडं थांबूया, कारण कोच आणि माजी खेळाडू यांच्यातला फरक इथेच पडतो.

सेंटर आणि गार्डमधली फट ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी. टाइट एंड उभा असेल तर त्याच्या बाहेर डी. पुढच्या फळीतल्या खेळाडूची जागा आकड्यांत सांगतात. सेंटरच्या नाकासमोर शून्य, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर पाच. ‘थ्री टेक्निक’ म्हटलं की त्याचा बी गॅप आलाच.

आता ११ पर्सोनेल समोर घ्या. पाच लाइनमन आणि एक टाइट एंड मिळून सहा ब्लॉकर झाले. सहा ब्लॉकरांमुळे सात फटी होतात: दोन ए, दोन बी, दोन सी आणि एक डी. तुमचा डिफेन्स ४-२-५ असेल तर आत माणसं सहाच, चार लाइनमन आणि दोन लाइनबॅकर. सात फटी, सहा माणसं. सातवा कुठून आणायचा हाच डिफेन्सचा पहिला प्रश्न. उत्तरं तीन आहेत. एक सेफ्टी खाली उतरवून मागे एकच ठेवायचा. किंवा दोन्ही सेफ्टी मागे ठेवून क्वार्टर्स कव्हरेज (मागची खोल जागा चौघांत वाटून) खेळायचं आणि धाव दिसताच त्यांच्यापैकी एकाने वरून फट भरायची. किंवा निकेल, म्हणजे मागच्या रांगेतला पाचवा खेळाडू (डिफेन्सिव्ह बॅक), कडेला चिकटवायचा. प्रत्येक उत्तराची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. सेफ्टी खाली आला की कॉर्नर एकटा पडतो. निकेल आत आला की स्लॉट, म्हणजे आतल्या बाजूचा, रिसीव्हर मोकळा.

त्यात क्वार्टरबॅक स्वतः पळणारा असेल तर गणित आणखी एकाने बिघडतं. झोन रीडमध्ये ऑफेन्स एका डिफेन्सिव्ह एंडला (फळीच्या टोकाच्या खेळाडूला) मुद्दाम ब्लॉक करत नाही. तो धावपटूमागे गेला की क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवतो. म्हणून ‘एंड आत गेला तर बाहेर कोण?’ हे आठवडाभर आधी ठरलेलं असावं लागतं. कबड्डीतली साखळी आठवा. मधल्याने हात सोडून एकट्याने झेप घेतली, तर ती पकड कितीही देखणी असो, चढाईपटू त्याच फटीतून निघून जातो. गॅप सोडून केलेला टॅकल फिल्ममध्ये उत्तम दिसतो. कोचने त्याला टाळ्या वाजवायच्या नसतात.

कॉलेजच्या खेळाची दोन खास वैशिष्ट्यं या गणितात मिसळतात. पहिलं हॅशचं. मैदानाची रुंदी १६० फूट असते. कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर ४० फूट आहे, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा. म्हणजे चेंडू कॉलेजच्या हॅशवर असेल तर एका बाजूला ६० फूट जागा राहते आणि दुसऱ्या बाजूला १००. म्हणूनच इथे डावा-उजवा न म्हणता ‘फील्ड’ (रुंद) आणि ‘बाउंड्री’ (अरुंद) अशा बाजू करतात. जास्त पळणारा सेफ्टी फील्डकडे, धावेला भिडणारा बाउंड्रीकडे. कार्डावर हॅश लिहा म्हटलं ते यासाठी.

दुसरं आरपीओचं, म्हणजे धाव की पास हे क्वार्टरबॅकने चेंडू हातात आल्यावर ठरवायच्या चालीचं. पास पुढे जात असेल तर कॉलेजच्या नियमाने लाइनमनला तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे लाइनबॅकर गार्डकडे बघतो, गार्ड धाव असल्यासारखा अंगावर येतो, लाइनबॅकर पुढे सरकतो आणि चेंडू त्याच्या डोक्यामागे पडतो. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, तो शिकवल्याप्रमाणेच वागलेला असतो. बदल कॉलमध्ये करावा लागतो. त्याला अर्धा सेकंद थांबायला सांगा आणि ती फट सेफ्टीला द्या, किंवा स्लॉटवर माणूस चिकटवून तो पासच बंद करा.

सराव

मोसमात खेळाडूंचा वेळ आठवड्याला २० तास आणि दिवसाला चार तास एवढाच, शिवाय एक दिवस पूर्ण सुट्टी. बैठका आणि फिल्म त्यातच धरतात. त्यामुळे सराव साधारण पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत आखला जातो. रविवारी मागच्या सामन्याचं पोस्टमॉर्टेम, मंगळवार-बुधवार जड, गुरुवारी हलका, शुक्रवारी नुसतं चालत उजळणी आणि शनिवारी सामना.

टॅकलिंग रोज घ्या, पण जमिनीवर आपटणं रोज नको. पायऱ्या अशा: धावणाऱ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या खांद्याची बाजू आधीच धरा, शेवटची दोन पावलं छोटी घ्या, पण थांबू नका, त्याच्या जवळचा पाय त्याच्याजवळ टाका, त्याच बाजूचा खांदा लावा, मान वर, डोळे उघडे, हात आवळा आणि पाय चालू ठेवा. चुकतं ते बहुधा दोन जागी. खेळाडू शेवटच्या क्षणी पाय रोवून उभा राहतो आणि समोरचा एका गिरकीत सुटतो. किंवा तो डोकं खाली घालून झेप घेतो. दुसरी चूक मानेच्या मणक्याला घातक आहे आणि महागही पडते. २०१३ पासून टार्गेटिंगसाठी, म्हणजे डोक्याने किंवा डोक्यावर मारलेल्या धडकेसाठी, खेळाडूला सामन्याबाहेर काढतात. ते दुसऱ्या अर्धात घडलं तर पुढच्या सामन्याचा पहिला अर्धही जाऊ शकतो.

दुरुस्ती सांगताना एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘नीट टॅकल कर’ ही सूचना नाही. ‘उजवा पाय त्याच्या पायापर्यंत ने’ ही सूचना आहे.

शनिवारचा कागद

कोऑर्डिनेटर झाल्यावर हातात एकच कागद राहतो, कॉल शीट. त्यावर रकाने असतात: पहिला डाउन, दुसरा लांब, मध्यम, आखूड, तिसऱ्याचे तसेच तीन, रेड झोन म्हणजे शेवटचे २० यार्ड, गोल लाइन, दोन मिनिटांचा खेळ. लांब म्हणजे सात यार्ड आणि वर, मध्यम तीन ते सहा, आखूड एक-दोन. प्रत्येक रकान्यात दोन-तीन कॉल पुरतात. नवा कोऑर्डिनेटर आपली सगळी विद्या कागदावर ओततो, मंगळवारी जेमतेम दोनदा घेतलेला ब्लिट्झ शनिवारी बोलावतो आणि एक सेफ्टी भलत्याच माणसामागे धावतो. सरावात किमान सहा-आठ वेळा न घेतलेला कॉल कागदावरून खोडा.

दोन चालींमध्ये ४० सेकंद. २०२४ पासून एफबीएसमध्ये, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात, डिफेन्सच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज जातो. घड्याळावर १५ सेकंद उरले की, किंवा स्नॅप झाला की, तो बंद होतो. उरलेल्या दहा जणांपर्यंत कॉल पोचवायचं काम त्या खेळाडूचं, म्हणून हाताच्या खुणा अजून सुटलेल्या नाहीत. घाईने खेळणारा संघ माणसं न बदलता लगेच रांगेत उभा राहतो. माणसं बदलली तर पंच डिफेन्सलाही बदलायला वेळ देतात, नाही बदलली तर नाही. अशा संघासाठी एका शब्दात फळी आणि कव्हरेज दोन्ही सांगणारे दोन कॉल तयार ठेवा. त्या वेळी कल्पकता नको, सगळे जागेवर उभे असणं पुरतं.

वर काचेच्या खोलीत बसायचं की बाजूला उभं राहायचं? वरून फॉर्मेशन स्वच्छ दिसतं, खाली खेळाडूचा चेहरा दिसतो. बाजूला शांत डोक्याने सूचना देणारा सहायक असेल तर वर बसणं फायद्याचं.

शिडी, आणि कधीकधी उलटी

किर्बी स्मार्ट यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९९९ मध्ये एनएफएलच्या इंडियानापोलिस कोल्ट्सने त्यांना मोसमाआधीच सोडलं. जॉर्जियात कार्यालयीन सहायक. २००० मध्ये डिव्हिजन दोनच्या (खालच्या गटातल्या) व्हॅल्डोस्टा स्टेटमध्ये डिफेन्सिव्ह बॅक्सचे कोच. २००१ मध्ये तिथेच कोऑर्डिनेटर. आणि मग २००२ मध्ये ते फ्लोरिडा स्टेटला चक्क जीए म्हणून गेले. पुढे २००४ मध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट), २००५ मध्ये जॉर्जियात धावपटूंचे कोच, म्हणजे ऑफेन्सच्या खोलीत एक वर्ष. नंतर मायामी डॉल्फिन्स, अलाबामा, २००८ ते २०१५ तिथे कोऑर्डिनेटर, २००९ चा सर्वोत्तम सहायकाचा ब्रॉयल्स पुरस्कार. जॉर्जियाचे मुख्य कोच म्हणून त्यांनी २०२१ आणि २०२२ च्या मोसमांची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. लॅनिंग यांनीही सॅम ह्यूस्टन स्टेटची पूर्ण कोचची जागा सोडून २०१५ मध्ये अलाबामात जीएची जागा घेतली. २०२१ च्या डिसेंबरात ते ऑरेगनचे मुख्य कोच झाले.

यातून घ्यायचं ते असं: पद लहान झालं तरी चालेल, खोली मोठी हवी. मात्र हे कर्ज आणि कुटुंब अंगावर पडण्याआधी जमतं, हेही खरं. आणि मुख्य कोच होणं हेच सगळ्यांचं टोक नसतं. बड फॉस्टर १९८७ मध्ये व्हर्जिनिया टेकला आले, १९९५ पासून २०१९ पर्यंत त्यांनी डिफेन्स सांभाळला आणि कोऑर्डिनेटर म्हणूनच निवृत्त झाले.

पैशाचं अंतर प्रचंड आहे. जीएला भत्ता, छोट्या कॉलेजात शिक्षकाएवढा पगार आणि वरच्या काही संघांत कोऑर्डिनेटरला वर्षाला २० लाख डॉलरच्या पुढे. करार पाहताना मुदत आणि मुख्य कोचला काढल्यावर तुमचं काय, ही दोन कलमं आधी वाचा. मुख्य कोच गेला की बहुतेक वेळा सगळे सहायक जातात, आणि हे नोव्हेंबरअखेर ते जानेवारी या काळात घडतं. त्या महिन्यांत घरभाड्याचा नवा करार करू नका. जानेवारीतलं एएफसीए या कोचांच्या संघटनेचं अधिवेशन चुकवू नका.

भरतीही तुमच्याच खात्यावर मोजतात. एफबीएसमध्ये खेळाडू शोधायला बाहेर फिरण्याची मुभा मुख्य कोच आणि दहा सहायकांनाच असते. २०२४ पासून तिथे विश्लेषकांनाही (फिल्म आणि आकडे पाहणाऱ्यांनाही) मैदानावर शिकवता येतं, त्यामुळे विश्लेषकाची नोकरी आता कमी लेखू नये.

मराठी घरातल्या, आकड्यांत हात बसलेल्या विद्यार्थ्याला याच विश्लेषणाच्या दारातून आत शिरणं सोपं पडेल. खेळलेलं नसलं तरी व्हिडिओ विभागात विद्यार्थी सहायक घेतात. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमधलं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येतं, आणि फुटबॉल खात्याचं काम तेवढ्यावर थांबत नाही. तेव्हा तास आधी लिहून घ्या आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला दाखवा. भारतात राहून सुरुवात करायची असेल तर फ्लॅग फुटबॉल आहे. लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला तो निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्याच अधिवेशनात, १६ ऑक्टोबर २०२३ ला. तिथे पाच-पाच जण असतात, टॅकल नाही, पण कव्हरेजचं शिक्षण पुरेपूर होतं.

मुलाखत बहुधा फळ्यावर होते. एका बाजूला तीन रिसीव्हर, दुसऱ्या बाजूला एक, यासमोर तुमचा मूळ डिफेन्स काढा, असं सांगतात. मग विचारतात, हा कुठे फुटतो? ‘फुटत नाही’ म्हणणारा तिथेच बाद होतो. एकट्या रिसीव्हरच्या बाजूला कॉर्नर उघडा पडतो हे स्वतःहून सांगा, खेळाडू ते कोणत्या चुकीने आणखी बिघडवेल तेही सांगा, मग दुरुस्तीचा कॉल द्या. आणि मार्कर हातात आल्यावर आधी समोरचे अकरा काढा, हॅशसकट. आपले नंतर.